शेजाऱ्याच्या टाकीतलं रोप

मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा उरकतात, बदलीचे आदेश हातात पडतात आणि चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टर्सच्या व्हरांड्यांत काळ्या लोखंडी पेट्या दिसू लागतात. रजया, पितळी भांडी, मुलांच्या ट्रॉफ्या, सगळं पेटीत जातं. माशांची टाकी मात्र जात नाही. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच, अशी अगदी साधी टाकी धरली तरी तिच्यात ५० लिटरच्या आसपास पाणी मावतं. वाळू आणि दगड धरले तर वजन ६० किलोच्या वर. रिकामी करून ट्रकमध्ये चढवली तरी तेजपूरपर्यंत किंवा भूजपर्यंत काच धड पोचेल, याची हमी कुणी देत नाही. मग टाकी कुणाच्या तरी गळ्यात पडते, मासे दुसऱ्या घरी जातात आणि आतल्या वनस्पती चार घरांत वाटल्या जातात. आमच्या गल्लीत आज जी पाण्यातली बाग आहे, तिचं मूळ रोप कुणी आणलं होतं हे कुणालाच ठाऊक नाही. आणणारे केव्हाच बदलून गेले.

वेस्टर्न कमांडचं मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून इथे आलं. शिवालिकच्या पायथ्याशी, पंचकुल्याला लागून असलेली ही छावणी. ज्या चंडीच्या देवळावरून चंदीगडला नाव मिळालं, ते देऊळ इथलंच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची घरं इथे कायम असतात. मीही साताऱ्याचीच. कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, त्याचा उपयोग नोकरीत कधी झाला नाही, पण काचेच्या टाकीत होतो. म्हणून टाकी घेणारी नवी माणसं ‘कुठली झाडं घेऊ?’ असं विचारायला माझ्याकडे येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. दुकानात जाण्याआधी शेजारणीच्या टाकीत बघा. तिच्याकडे जे वाढलंय ते तुमच्याकडे वाढेल, तिच्याकडे जे सडलं ते तुमच्याकडेही सडेल. दोघींचा नळ एकच आहे.

नळ एक असण्याला फार महत्त्व आहे. चहाचं पातेलं किंवा गीझर बघा, इथल्या पाण्याचा पांढरा थर त्यांच्या आत बसलेला दिसेल. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर आहे, म्हणजे पाणी जड आहे. उलट कोकणातल्या जांभ्या दगडातून येणारं पाणी मऊ असतं, जरासं आम्लाकडे झुकणारं. झाडाला अन्न तयार करायला कार्बन लागतो आणि हवेत तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सहज मिळतो. पाण्यात हा वायू थोडाच असतो, आणि तो पानापर्यंत पोचतोही फार हळू. ज्या वनस्पती बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन घेऊ शकतात, त्यांची जड पाण्यात चंगळ होते. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम या त्यातल्या. मॉस आणि लाल पानांच्या बऱ्याच नाजूक जातींना ही विद्या येत नाही. त्यांना मोकळा वायूच लागतो. म्हणून दुकानातल्या टाकीत सिलिंडर लावून गुलाबी झालेलं झाड आपल्या घरी महिन्याभरात तपकिरी पडतं, आणि आपण पाण्याला, माशांना, नशिबाला दोष देतो.

आमच्या छावणीत सर्वांत जास्त घरांत फिरलेली वनस्पती वॅलिस्नेरिया. पातीसारखी लांब, फितीएवढी रुंद पानं वरपर्यंत जातात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पसरतात. बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यातलं परागीभवन शिकलेल्यांना हिचं नाव आठवेल. नर फुलं देठापासून तुटून वर तरंगतात, मादी फूल लांब देठावर पृष्ठभागाशी येऊन थांबतं, आणि परागीभवन झालं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत फळाला खाली घेऊन जातो. घरच्या टाकीत हा सोहळा क्वचित दिसतो, पण त्याची गरजही पडत नाही. वाळूतून धावतं खोड निघतं, वीतभर अंतरावर नवं रोप, तिथून पुढे आणखी एक. उन्हाळ्यात तर वाळूत बोट घातलं की कुठेतरी पांढरा धागा लागतोच. देताना पिल्लू रोपाला पाच-सहा पानं आणि स्वतःची मुळं आहेत ना, एवढं बघायचं आणि मधला धागा कात्रीने कापायचा. लावताना मूळ वाळूत, पण पानं जिथून फुटतात तो पांढुरका भाग वर. तो गाडला की रोप कुजतं.

टाकीत झाड आणि मासा एकत्र ठेवायचा, ही कल्पनाही याच वनस्पतीवर उभी राहिली. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक वॅलिस्नेरिया ठेवली. झाड प्राणवायू देईल आणि मासा जगेल, हा त्याचा हिशेब. पण जुनी पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि भांडं टिकलं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. गोल्डफिश मात्र आपल्या छोट्या टाकीत सोडू नका. तो वाळू उकरतो, कोवळी पानं खातो आणि बघता बघता टाकीला भारी होतो. इथली थंडी सोसणारा मासा हवा असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात वर्णन केलेला हा मासा मूळचा आपल्याकडचाच, आणि झाडांच्या वाटेला जात नाही.

दुकानातून आणलेलं रोप पहिल्या पंधरवड्यात का विरघळतं, हेही समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच हात टेकतात. रोपवाटिकेत या वनस्पती बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तिथे त्या लवकर वाढतात आणि गोगलगाई लागत नाहीत. हवेतलं पान जाड असतं, त्याच्यावर मेणाचा थर असतो, पर्णरंध्रं असतात. पाण्यातलं पान पातळ आणि लवचिक असतं, त्याला ना मेण लागतं ना आधार. हवेत वाढलेलं रोप पाण्यात बुडवलं की जुनी पानं निकामी होऊन गळतात आणि झाड नव्या घडणीची पानं काढू लागतं. मूळ आणि खोड घट्ट असेल तर फेकू नका, फक्त कुजलेली पानं काढत राहा. शेजारणीकडचं रोप ही परीक्षा आधीच देऊन बसलेलं असतं. त्याची पानं पाण्यातलीच, पाणी तेच, गोठवणारा जानेवारीही तोच.

क्रिप्टोकोरीन याला थोडा अपवाद. श्रीलंकेची क्रिप्टोकोरीन वेंटाई आता जगभर टाक्यांत आहे. हिरवी, तपकिरी, लहरी काठांची पानं, कमी उजेडात समाधानी. पण हिला जागा बदललेली आवडत नाही. एका टाकीतून पलीकडच्या टाकीत नेली तरी कधी कधी सगळी पानं जेलीसारखी होऊन जातात. कोल्हापूरच्या एक वहिनी दोन आठवड्यांनी तक्रार घेऊन आल्या, ‘तुमचं झाड मेलं बघा.’ मी म्हटलं, हलवू नका, वाळू उकरू नका, राहू द्या. पुढे त्याच मुळातून पानं आली आणि आता त्या वहिनीच दुसऱ्यांना रोपं वाटतात. हिच्या नातेवाईक जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही आहेत. पावसात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात ओलसर खडकांच्या फटीत त्या उभ्या असतात. क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस ही त्यातली एक, लांब पानांची. सावंतवाडीकडे ओढा ओलांडताना तुम्ही ती गवत समजून तुडवली असण्याची शक्यता बरीच आहे.

अनुबियास आणि जावा फर्न यांच्याबद्दल फार सांगायला नको. पहिली पश्चिम आफ्रिकेची, दुसरी आग्नेय आशियाची. दोघींचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. अनुबियास इतकी संथ वाढते की मागणाऱ्याला देताना जीव थोडा कुरकुरतो. जावा फर्नच्या पानांच्या टोकांवर आपोआप पिल्लं येतात, ती हाताने तोडून द्यावीत. पानामागचे काळे ठिपके रोग नाही, बीजाणू आहेत.

आपल्याकडच्या आणखी दोन वनस्पती टाकीत चांगल्या रमतात. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, म्हणजे तालीमखान्याच्या कुळातली, इतकी जोमाने वाढते की आठवड्याला छाटावी लागते. वरचा वीतभर शेंडा तोडून वाळूत खोचला की पेरापेराला मुळं फुटतात. नीरब्राह्मीही अशीच खोचून लागते, फक्त सावकाश. नव्या टाकीसाठी माझा पहिला सल्ला हायग्रोफिलाचाच. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो थोडाही साचला तर माशांना विष. भराभर वाढणारं झाड तो खत म्हणून ओढून घेतं. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात यावर बरंच लिहिलं आहे. पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा. त्यांच्या पद्धतीत टाकीच्या तळाशी बागेतल्या साध्या मातीचा इंचभर थर आणि वर बारीक खडीचा इंचभर थर देतात. क्वार्टरच्या मागच्या वाफ्यातली चाळलेली माती चालते, शेणखत घातलेली नको. महागडी पाकिटातली माती मिळते, पण मला तिची गरज कधी दिसली नाही.

लाल झाडांबद्दल माझं मत कडक आहे. रोटाला, लुडविजिया यांची फोटोत दिसणारी लाली भरपूर उजेड, वायूचा सिलिंडर आणि रोजची निगराणी मागते. बाल्कनीत बागकाम करणारी माणसंही तिथे कंटाळतात. याहून वाईट फसवणूक वेगळीच आहे. शोभेची कुंडीतली झाडं ‘अक्वेरियम प्लांट’ म्हणून खपवली जातात. लकी बांबू, पांढऱ्या पट्ट्यांचे ड्रॅसिना, कधी क्रोटनसुद्धा. मेथीच्या जुडीसारखी रबर लावून दुकानातल्या टाकीत उभी करतात, आणि ती दोन-तीन महिने तग धरतातही. पण पाण्याखाली ती जगत नाहीत, नुसती हळूहळू मरतात आणि कुजताना पाणी नासवतात. ओळखायची खूण सोपी आहे. पाण्यातून काढल्यावर पान ओल्या रुमालासारखं लोंबलं तर पाणवनस्पती असण्याची शक्यता जास्त. ताठ उभं राहिलं, खोड लाकडी लागलं, तर विचारपूस करा. अनुबियास याला अपवाद, तिचं पान बाहेरही ताठ असतं.

इथल्या हवेचा एक स्वतंत्र विचार करावा लागतो, जो पुण्यात किंवा रत्नागिरीत करावा लागत नाही. जानेवारीत रात्रीचं तापमान ४-५ अंशांवर येतं आणि जूनमध्ये दुपारी पारा ४२ च्या पुढे जातो. थंडीत वॅलिस्नेरिया वाढायची थांबते, पण मरत नाही. हीटर माशांसाठी लागतो, झाडांसाठी नाही. उन्हाळा झाडांनाही जड. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. दिवसा झाडं प्राणवायू देतात, रात्री तीही श्वास घेतात. गच्च झाडांच्या टाकीत मे महिन्यातल्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर झाडं छाटा आणि रात्रीपुरता हवेचा पंप लावा. दिवा ६ ते ८ तास पुरे. बैठकीच्या खोलीत माणसं बसतात म्हणून १४ तास चालू ठेवला की काचेवर हिरवं शेवाळ चढणारच. टायमर लावून टाका, विसरायचा प्रश्नच मिटतो.

आता देण्याघेण्याची रीत. ही आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळली जाते. देणारीने आपल्या टाकीचं खरं सांगायचं. गेल्या महिन्यात माशांवर पांढरे ठिपके आले होते का, तांब्याचं औषध घातलं होतं का. तांबं झाडाबरोबर फारसं जात नाही, पण घेणारीकडे कोळंबी असेल तर थोड्यानेही ती मरते. घेणारीने नवं रोप थेट टाकीत टाकायचं नाही. बादलीत, माशांशिवाय, खिडकीच्या उजेडात आठवडाभर ठेवायचं. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला जगायला मासा लागतो. कोमट पाण्यात मासा मिळाला नाही तर काही दिवसांत तो संपतो. गोगलगाईची अंडी मात्र अशी जात नाहीत, ती पानामागच्या चिकट थेंबासारखी दिसतात, नखाने खरवडून काढा. काही जणी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवतात. त्याने नुकसान होत नाही, फक्त पाणी जांभळं नको, गुलाबीच हवं, आणि नंतर खळखळून धुवायला हवं. एखादी बारीक गोगलगाय आलीच तरी घाबरू नका. वॉरिंग्टनने ती मुद्दाम आणली होती.

लांब पाठवायचं असेल तर पाण्याने भरलेली पिशवी नको. त्यात झाड उकडतं आणि पिशवी फुटते. मुळांना ओलं वर्तमानपत्र गुंडाळा, पानं ओली करून निथळू द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी हवा ठेवून तोंड बांधा आणि थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. अंधार आणि गारवा मिळाला तर अनुबियास आणि जावा फर्न आठवडाभर खुशाल राहतात. सेराटोफायलम आणि बारीक पानांच्या जाती दोन दिवसांत मऊ पडतात. चंदीगडहून मडगावला जाणाऱ्या गोवा संपर्क क्रांतीने रत्नागिरीला जाणाऱ्या एका कुटुंबाबरोबर आमची अनुबियास गेली आणि तिकडे लागलीही. वॅलिस्नेरिया मात्र मी तिकडे पाठवत नाही. मऊ पाण्यात ती इथल्यासारखी माजत नाही, आणि घेणारी मला नावं ठेवते.

वाटप कुठवर करायचं, यालाही हद्द आहे, आणि ती ओलांडलेली मला खपत नाही. बदली झाली, वेळ नाही, म्हणून टाकी नाल्यात उपडी करणारे लोक आहेत. ‘निसर्गातलंच आहे, निसर्गात गेलं’ असं म्हणतात. छावणीतलं पावसाचं पाणी शेवटी घग्गरच्या खोऱ्यात जातं. जवळच १९५८ साली ओढा अडवून केलेला सुखना तलाव आहे. तिथेही गाळ साचून पाणी उथळ होतं आणि पाणवनस्पती काढायला प्रशासनाला माणसं लावावी लागली आहेत. पुण्यात मुळा-मुठेवर आणि कोल्हापुरात रंकाळ्यावर जी जलपर्णी दरवर्षी यंत्रं लावून उपसतात, ती दक्षिण अमेरिकेतून शोभेची फुलं म्हणून भारतात आली. उलटं उदाहरणही आहे. आपली शाळेच्या प्रयोगातली हायड्रिला अक्वेरियमच्या व्यापारातून १९५० च्या सुमारास फ्लोरिडात पोचली. तिथल्या कालव्यांत ती इतकी माजली की तिच्यावर आजही मोठा खर्च होतो. वर कौतुक केलेली हायग्रोफिला पॉलिस्पर्माही अमेरिकेत केंद्रीय कायद्याने तणांच्या यादीत आहे. झाड तेच, ठिकाण चुकलं. म्हणून छाटलेलं सगळं उन्हात कोरडं करा आणि मग कुंडीत खत म्हणून घाला. ओलं असेपर्यंत गटाराजवळही नेऊ नका.

दुसरी हद्द उलट्या दिशेची. रानातून आपल्या टाकीत आणायचं नाही. कास पठारावर पावसाळ्यात खडकांच्या डबक्यांत वायतुरा फुलतो. दोन फाट्यांच्या, गुलाबी-जांभळट फुलांच्या तुऱ्याचा हा अपोनोजेटॉन सह्याद्रीच्या अगदी थोड्या भागात आहे, आणि जातीच्या नावातच सातारा आहे. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथून काडीही उचलायची नाही. कायदा नसता तरी उपयोग नव्हता. पाऊस ओसरला की हे झाड कंदाच्या रूपाने कोरड्या मातीत निजतं, आणि बारा महिने पाण्यात ठेवलेला असा कंद कुजतो. टाकीसाठी आणलेला वायतुरा म्हणजे मारलेला वायतुरा.

तर टाकी घ्यायची ठरवली असेल तर होळी होऊ द्या. पाणी कोमट होतं, झाडं पिल्लं काढू लागतात आणि बदलीवाल्या घरांत देण्याची घाईही असते. छावणीत नसाल तर तुमच्या सोसायटीत, शाळेत, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये कुणाकडे तरी टाकी असतेच. वीतभर हायग्रोफिला आणि चार वॅलिस्नेरिया मागा. झाडं छाटायचा कंटाळा आलेली कुठलीही बाई नाही म्हणणार नाही.